लिहिणारे अकरा, वाचणारे दोन : आमच्या रविवारच्या बैठकीचं काय करावं?

उसाचाफड (रविवार, रात्री १०.१२)

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊनच बसा.

आमचं गाव तालुक्याचं, कोल्हापूरपासून पाऊण तासावर. इथल्या वाचनालयाच्या माडीवर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चार ते सहा आम्ही लिहिणारी माणसं जमतो. या दिवाळीला चार वर्षं होतील. मंडळाला नाव नाही, बॅनर नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळं भांडणंही बेताचीच. दोन निवृत्त गुरुजी, एसटीतले एक वाहक, खता-बियाण्याचं दुकान असलेले एक काका, कॉलेजची तीन-चार पोरं-पोरी, मी पतसंस्थेतला, असा गोतावळा.

पद्धत अशी की ज्यानं त्यानं आपली कथा नाहीतर कविता वाचायची, बाकीच्यांनी "वा, छान" म्हणायचं आणि आपला नंबर कधी येतोय याची वाट बघायची. मीही तेच करतो. दुसऱ्याची कथा चालू असताना मी मनातल्या मनात माझीच पानं उलटत असतो. खोटं कशाला बोलू?

आज काय झालं, बी.ए.च्या एका पोरानं धरणात गेलेल्या गावावर कथा वाचली. त्याचे आजोबा दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणानं उठवलेले, म्हणजे विषय घरचाच. शेवट असा होता : "आजोबांच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळला आणि धरणाच्या पाण्यात मिसळून गेला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सहज विचारलं, "रिंगाण वाचलंयस का रे?" तर पोरगं म्हणतंय, "ते काय असतंय?"

मग बसलेल्या सगळ्यांना विचारलं. अकरा जणांत दोघांनी वाचलेलं, त्यातला एक मी. 'रिंगाण' म्हणजे कृष्णात खोतांची कादंबरी, धरणानं उठवलेल्या माणसांची आणि मागं राहिलेल्या म्हशीची. खोत म्हणजे पन्हाळ्याचा माणूस. हवा स्वच्छ असली की आमच्या माडीवरून पन्हाळा दिसतो. 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला तेव्हा आमच्याच व्हॉट्सअपवर फुलांचा पाऊस पडला होता. त्याच्या दोन वर्षं आधी किरण गुरवांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला, मधल्या वर्षी घाटाखाली सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांना. सलग तीन वर्षं अकादमी आमच्या घाटाच्या अलीकडं-पलीकडंच घुटमळत होती, आणि आम्ही फुलं पाठवून मोकळे. बैठक संपल्यावर खाली कपाटात बघितलं. प्रत आहे. मागच्या चिठ्ठीवर तीन तारखा, त्यातली एक माझी.

म्हणून विचारतोय. तुमच्याकडं अशी मंडळं आहेत का? तिथं लोक आजचं, जिवंत माणसांनी लिहिलेलं वाचतात का? की सगळीकडं मातीच्याच चुली?

चहाबाज (रविवार, रात्री १०.३१)

मस्त धागा. रिंगाणची पीडीएफ मिळेल का कुणाकडे?

व्यवस्थापक (रविवार, रात्री १०.४०)

चहाबाज, इथे पीडीएफ मागणं आणि देणं दोन्ही चालत नाही. एरवी प्रतिसाद उडवला असता, पण या धाग्याला तो पुरावा म्हणून उपयोगी आहे. राहू दे.

जुनापुराणा (सोमवार, सकाळी ६.०५)

उसाचाफड, जरा उलट बाजू मांडतो. मी पंचेचाळीस वर्षं कथा लिहितोय, छापून आलेल्या वीसेक असतील. लिहीत असताना मी समकालीन वाचत नाही. छाप पडते. एखाद्याची वाक्याची लकब कानात बसली की ती महिना-महिना निघत नाही. तुमच्या त्या पोरानं 'रिंगाण' वाचलं असतं तर त्याच्या कथेत म्हैस आली असती, एवढंच.

दुसरं. आमच्या वेळी मंडळ लागत नसे, कारण संपादक होता. 'सत्यकथा' मासिकाचे राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहीत, कथा कुठे घसरलीय ते सांगत, पुन्हा लिहायला लावत. १९८२ साली 'सत्यकथा' बंद झालं. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये सुरू केलेली दिवाळी अंकाची प्रथा तेवढी टिकली, पण दिवाळी अंकाच्या संपादकाला जाहिराती मिळवायच्या की तुमच्या कथेतला तिसरा परिच्छेद दुरुस्त करायचा? तेव्हा मंडळाचं काम "वा, छान" म्हणण्याचं नाही, संपादकाचं आहे. ते कुणी करत नाही, ही तुमची खरी तक्रार असायला हवी.

उसाचाफड (सोमवार, सकाळी ९.२०)

काका, दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. पहिल्यावर मात्र भांडणार. छाप पडायला निदान कानावर तरी पडावं लागतं की! आमच्या पोरांवर आत्ता छाप आहे ती मालिकांची आणि फॉरवर्डची. तो ओघळणारा अश्रू कुठून आला असेल?

मधलीओळ (सोमवार, दुपारी १.४८)

मी आमच्या शहरातल्या अशाच एका मंडळात दीड वर्ष जात होते. का सोडलं ते सांगते.

एक कथा लिहिली होती, प्रथमपुरुषी. लग्नाला बारा वर्षं झालेली बाई, नवरा चांगला, सासू चांगली, कुणी छळत नाही, आणि तरी ती एक दिवस दूध उतू जाताना नुसती बघत उभी राहते. गॅस बंद करत नाही. एवढीच कथा. वाचून झाल्यावर मिनिटभर शांतता. मग एका ज्येष्ठांनी फार मायेनं विचारलं, "वहिनी, घरी सगळं ठीक आहे ना?"

सगळे हसले. मीही हसले. नंतर चहाच्या वेळी दुसऱ्या एकांनी माझ्या नवऱ्याची चौकशी केली. त्याच बैठकीत एका गृहस्थांनी खुनाची कथा वाचली होती, तीही 'मी'मध्येच. त्यांना कुणी विचारलं नाही की कितींना मारलंत.

आजची कथा वाचलेली माणसं असा प्रश्न विचारत नाहीत असं माझं मत आहे. कथेतला 'मी' आणि खुर्चीत बसलेली बाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वाचूनच कळतं, सांगून कळत नाही. तेव्हा उसाचाफड, तुमचा प्रश्न मला बरोबर वाटतो, कारण वेगळं असलं तरी.

जुनापुराणा (सोमवार, दुपारी २.३०)

मधलीओळ, त्या ज्येष्ठांत मी नव्हतो. पण असू शकलो असतो. दुधाची कथा कुठे छापली का? नसेल तर पाठवा.

ग्रंथपालमावशी (सोमवार, रात्री ८.१५)

मी ब वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आमचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात हे कदाचित सगळ्यांना माहीत नसेल. अनुदान वर्गाप्रमाणे, आणि ते कधी येईल ते येईल.

काय वाचलं जातं ते सांगते, कारण रोज शिक्का मीच मारते. ऐतिहासिक कादंबऱ्या, भाषांतरित रहस्यकथा, प्रेरणादायी म्हणतात ती पुस्तकं, स्पर्धा परीक्षा. नव्या मराठी कथा-कादंबऱ्या पहिल्या महिन्यात फिरतात, मग कपाटात जातात. आणि कपाटाला कुलूप! आमच्याकडे मुक्तद्वार नाही, पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. ज्या लेखकाचं नावच ऐकलं नाही त्याची चिठ्ठी कोण लिहिणार? मी स्वतः आता काउंटरवर पाच पुस्तकं उघडी मांडते, आठवड्याला बदलते. पाठ वर नाही, मधलं पान उघडून, वर पेपरवेट ठेवून. माणूस रजिस्टरवर सही होईपर्यंत उभाच असतो, चार ओळी वाचतो. पाचातली दोन तरी जातात.

बेळगावकरीण (मंगळवार, सकाळी ७.३३)

या की आमच्याकडं, मंडळं बघायला! बेळगाव तालुक्यात थंडी पडली की कडोली, उचगाव, कुद्रेमनी, सांबरा असं एकेका गावाचं साहित्य संमेलन असतंय. मांडव, ग्रंथदिंडी, पोरांचं लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, आणि दुपारी जेवणाला अख्खा गाव. भाषेसाठी लोक हातचं काम टाकून येतात, यात थट्टा नाही.

पण उसाचाफड म्हणतात ते दुखणं आमच्यातही आहे. जेवणानंतरच्या सत्रात कथाकथन असतंय. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव फिरून कथाकथन केलं, लोकांना कथा ऐकायची सवय लावली. ते त्यांचं मोठं काम. पण त्यामागनं जे आले त्यांनी फक्त हशा उचलला. आता आमच्या श्रोत्यांना दर दोन मिनिटाला हसू पाहिजे आणि शेवटी टाळीचं वाक्य पाहिजे. नव्या पोरीनं शांत कथा वाचली की मागच्या रांगा पातळ होतात. आणि मग ती पोरगी पुढच्या वर्षी शेवटी टाळीचं वाक्य घालून आणती!

सायंकाळ७ (मंगळवार, रात्री ११.०२)

बेळगावकरीण यांच्या प्रतिसादावरून एक गोष्ट डोक्यात आली. आपण सगळे वाचत नाही वाचत नाही करतोय, पण बैठकीचं घड्याळ कुणी बघितलंय का?

अकरा माणसं, दोन तास. चहा आणि उशिरा येणारे वजा जाता प्रत्येकाला आठ-दहा मिनिटं. म्हणून सगळे दहा मिनिटांची कथा लिहितात. दहा मिनिटांच्या कथेला शेवटी झटका लागतो, नाहीतर ती संपली हेच कळत नाही. आता जयंत पवार घ्या. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'मधल्या कथा तुमच्या बैठकीत बसतील? मी परळचा, वडील १९८२ च्या गिरणी संपात घरी बसले ते कायमचे. त्या पुस्तकात आमची चाळ मला पहिल्यांदा माणसांसकट दिसली, आणि ती दिसायला पानं लागतात. २०१२ चा अकादमी त्या पुस्तकाला मिळाला. गुरवांचं पुस्तकही दीर्घकथांचंच. आजच्या मराठीतलं बरंचसं चांगलं काम दीर्घकथेत चाललंय, आणि आपली मंडळं माणसाला दहा मिनिटं देतायत.

आम्ही इथे काय करतो : एका महिन्याला एकाचीच कथा. ती आठवडाभर आधी छापून सगळ्यांना द्यायची, घरी वाचून यायचं. बैठकीत लेखकानं पहिला अर्धा तास तोंड उघडायचं नाही. "मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य बंद. सुरुवातीला दोघे रुसून गेले, त्यातला एक परत आला.

अनामिक_परभणी (बुधवार, दुपारी १२.१९)

सगळं वाचलं. जरा कडू बोलतो.

'समकालीन वाचा' म्हणजे व्यवहारात 'पुरस्कार मिळालेलं वाचा' असं होतं. वरचे प्रतिसाद बघा, प्रत्येकाच्या नावामागं साल आणि अकादमी. आमच्या परभणीच्या आसाराम लोमटेंना 'आलोक'साठी २०१६ चा मिळाला, आणि दोन वर्षं आमच्या मंडळात जो तो दुष्काळ लिहीत होता. ज्याची विहीर बाराही महिने भरलेली तोही. जुनापुराणा म्हणतात ती छाप हीच. पण ती वाचल्यानं पडत नाही, पुरस्काराची बातमी वाचल्यानं पडते.

आणि बोली. आजकाल कथेला बोलीची फोडणी दिली की झालं. पात्रं "म्या", "व्हय", "कामून" म्हणणार, आणि निवेदक मात्र शालेय पुस्तकातला. जणू बूट घालून ओसरीत उभा आहे आणि आत यायला कचरतोय. काही जण तर आधी सगळं प्रमाण मराठीत लिहून नंतर बोली घालतात. विचारलं तर म्हणे, "नंतर गावठी करून घेतो." अरे बाबा, तुझी आई ज्या भाषेत रागावते ती भाषा तुला नंतर घालावी लागते?

उसाचाफड (अडीच महिन्यांनंतर, रविवार, रात्री ९.५०)

धागा वर काढतोय. बुधवारनंतर मी गप्प होतो, कारण अनामिक यांचं लागलं होतं. "नंतर गावठी करून घेतो" हे मी केलेलं आहे.

तर, आम्ही एक नियम केला. आपलं वाचायचं असेल तर आधी दुसऱ्या कुणाचं एक पान मोठ्यानं वाचायचं. तो दुसरा जिवंत असावा आणि मराठीत लिहिणारा असावा. पुरस्काराचं नाव काढायचं नाही. गुरुजी तापले, "मेलेल्यांनी काय घोडं मारलंय?" त्यांना म्हणलं, मेलेले अभ्यासक्रमात आहेत, त्यांची काळजी सरकार घेतंय.

पहिल्या महिन्यात पाचच जणांनी पान आणलं. दुसऱ्यात सात. सायंकाळ७ यांचं छापून वाटायचं आम्हाला झेपणार नाही, झेरॉक्सचे पैसे कुणी काढायचे यावरनं मंडळ मोडेल. पण लेखकानं गप्प बसायचा नियम उचलला.

एक प्रसंग सांगतो. आमच्यात कविता करणारी एक अकरावीची मुलगी आहे. तिला एकटी कशी पाठवायची म्हणून तिची आई सोबत येते. ब्लाउज शिवतात त्या. मागच्या खुर्चीत बसून हुक लावत, काज करत असतात, चार वर्षांत एक शब्द बोललेल्या नाहीत. वाहकसाहेबांनी देविदास सौदागरांच्या 'उसवण'मधलं एक पान आणलं. शिंप्याची कादंबरी. लेखक तुळजापूरचा, स्वतः टेलरिंग केलेला. पान वाचून झालं, आम्ही नेहमीसारखं "वास्तववादी", "उपेक्षितांचं जगणं" वगैरे सुरू केलं. मागनं आवाज आला.

"शिवायला वीस मिनिटं लागत असली तर उसवायला चाळीस लागतात. जोर लावला की कापड जातं. आणि कितीबी जपून उसवा, सुईची भोकं ऱ्हातातच. गिऱ्हाईक म्हणतंय, ताई, नुसतं उसवायचे कसले पैसे घेता?"

मग ताई थांबल्याच नाहीत. रेडिमेड आल्यावर काय झालं, कटोरी ब्लाउज शिकायला किती कापड वाया गेलं, बॉबीनमधला दोरा नेमका लग्नाच्या आदल्या रात्री कसा संपतो. गुरुजींनी वहीत लिहून घेतलं. आमच्यातला एकही माणूस त्या पानावर एवढं बोलू शकला नसता.

मधलीओळ (रविवार, रात्री १०.०४)

सुईची भोकं. मी आज दुसरं काही वाचणार नाही.

अनामिक_परभणी (रविवार, रात्री १०.२२)

छान आहे, पण थोडं सिनेमासारखं झालं ना राव? पुढच्या प्रतिसादात ताईंनी कादंबरी लिहिली आणि तुम्ही प्रस्तावना, असं येऊ देऊ नका.

उसाचाफड (रविवार, रात्री १०.४१)

हाहा, नाही. ताई पुढच्या बैठकीला आल्याच नाहीत, लग्नसराई. मुलगी मैत्रिणीबरोबर आली. ताईंनी काही लिहिलं नाही, लिहितील असंही वाटत नाही.

झालं ते वेगळ्याच माणसाचं झालं. वाहकसाहेब चार वर्षं देशभक्तीपर कविता करत होते. त्यांनी या महिन्यात दीड पान गद्य आणलं. मशिनी यायच्या आधी तिकिटांचा ट्रे बगलेत धरायचे, त्यानं खाकी शर्टाची डावी बाही काखेखाली काळी पडायची आणि ती धुऊन निघायची नाही. रिटायर झाल्यावर बायकोनं ते शर्ट पुसायला घेतले. फरशी पुसताना तो काळा भाग वर आला की साहेब पेपर तोंडापुढं धरायचे. बस्स. शेवटी टाळीचं वाक्य नाही. वाचून झाल्यावर कुणी "वा" म्हणलं नाही, ते जरा ओशाळले. मग खतवाले काका म्हणाले, "माझ्याकडं तराजू होता, पितळी. पोरानं भंगारात घातला." अर्धा तास त्यावरच गेला.

आणि अश्रूवालं पोरगं. त्याला आम्ही फक्त विचारलं की आजोबा खरंच रडायचे का. म्हणाला, "छे हो." जिन्यात चपला घालताना सहज सांगायला लागला : वसाहतीत सगळी घरं एका मापाची, एका रांगेत. आजोबा दोनदा चुकून दुसऱ्याच्याच घरात जाऊन बसले. त्या लोकांनी काही न बोलता चहा दिला. आजोबा चहा पिऊन, पान खाऊन घरी आले आणि सुनेला म्हणाले, "आज चहा बरा केलतास." आम्ही तिघं जिन्यातच थांबलो. मी म्हणलं, हे कथेत का नाही? म्हणतंय, "ह्यात काय कथा आहे?"

आता लिहितोय म्हणे. 'रिंगाण' पण घेऊन गेलंय, खालच्या प्रतीवर चौथी तारीख पडली. जुनापुराणा, तुमची भीती ध्यानात आहे. म्हैस आली तर कळवतो.

जुनापुराणा (सोमवार, सकाळी ५.५८)

"आज चहा बरा केलतास." एवढ्यावर थांबायला सांगा त्याला. पुढे एक शब्द नको.

छापीचा मुद्दा मी सोडत नाही. पण वीस वर्षांनी एक नवी कादंबरी मागवली आहे. कोणती ते सांगणार नाही, हसाल.

कपाटातलीवाळवी (सोमवार, सकाळी ११.४०)

विषयाला थोडं सोडून, पण मंडळातल्या प्रत्येकाला आज ना उद्या पुस्तक काढायची हुक्की येते म्हणून लिहिते.

मी तीन वर्षांपूर्वी कथासंग्रह काढला. प्रकाशकाचं नाव घेत नाही. चाळीस हजार मी दिले, तीनशे प्रती छापायच्या ठरल्या. वर 'आयएसबीएन शुल्क' तीन हजार. संपादन होईल असं तोंडी सांगितलं होतं, प्रत्यक्षात माझ्या फाइलमधल्या चुकासुद्धा जशाच्या तशा छापल्या. पृष्ठ ४१ वर नायिकेचं नाव बदललंय. प्रकाशन समारंभाचा हॉल, हार, शाली मीच आणल्या. आज सव्वादोनशे प्रती दिवाणात आहेत, पाहुणे आले की गादी उचलून एक काढून देते.

दोष माझाही आहे. चार वर्षं मंडळात "छापा आता, छापा" ऐकलं आणि खरं मानलं. एकानंही सांगितलं नाही की नायिका मध्येच नाव बदलते.

ग्रंथपालमावशी (सोमवार, दुपारी ३.१०)

वाळवीताई, आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था देते तो, ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःही करू शकतो. तीन हजार कशाचे घेतले देव जाणे. आणि तो नंबर म्हणजे दर्जाचा शिक्का नाही, पुस्तकाचा नुसता ओळख क्रमांक. बाकीच्यांनीही लक्षात ठेवा : प्रती किती, त्या कुणाच्या मालकीच्या, हक्क किती वर्षांसाठी, न विकलेल्यांचं काय, हे कागदावर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दिवाणातल्या दोन प्रती मला पाठवा. काउंटरवर मांडते. पृष्ठ ४१ सोडून दुसरं पान उघडते.

कपाटातलीवाळवी (सोमवार, दुपारी ३.२५)

मावशी, दोन काय, दहा पाठवते!

सायंकाळ७ (सोमवार, रात्री ११.३०)

वाळवी यांच्या अनुभवावर एकच. आधी दिवाळी अंकांना पाठवा. जून-जुलैच्या आत, एका वेळी एकाच ठिकाणी, युनिकोडमध्ये. नकार आला तर फुकटात आला, आणि चाळीस हजार वाचले.

चहाबाज (शुक्रवार, रात्री ९.१५)

सर्वांना नमस्कार. मीच तो पीडीएफवाला. लाज वाटून पुस्तक विकत घेतलं. पण तिसाव्या पानावर अडकलोय. मी नगरचा, ही भाषा मला सरसर जात नाही. एक वाक्य दोनदा वाचावं लागतंय. बंद करून ठेवू की रेटू?

उसाचाफड (शुक्रवार, रात्री ९.३२)

रेटू नका. मोठ्यानं वाचा. खरंच सांगतो, डोळ्यानं अडतं ते तोंडानं जातं. मी बांदेकरांचं 'चाळेगत' वाचताना हेच केलं, मालवणी मला कुठं येत होती? घरात कुणी ऐकायला बसलं तर उत्तम, नाहीतर भिंत आहेच.

चहाबाज (शनिवार, सकाळी ८.०१)

बायको ऐकत बसली काल. तिचं माहेर राधानगरीकडचं. चार ठिकाणी माझा उच्चार सुधारला, मग पुस्तक हातातून काढून घेतलं आणि स्वतःच वाचायला लागली. मी आता साठाव्या पानावर आहे, श्रोता म्हणून.

बेळगावकरीण (शनिवार, सकाळी ८.४५)

वहिनींना नमस्कार सांगा! आणि उसाचाफड, यंदा आमच्या संमेलनात दुपारच्या सत्रात वाहकसाहेबांना पाठवता का? मागच्या रांगा पातळ होतील कदाचित. पण मी पहिल्या रांगेत बसते की.

उसाचाफड (शनिवार, दुपारी १२.१०)

विचारतो त्यांना. एसटीचा पास आहे, येतील.

उद्याची बैठक चार वाजता. पान आणणारे : खतवाले काका, दोन्ही गुरुजी (एकच पुस्तक दोघांना पाहिजे होतं, चिठ्ठ्या टाकल्या), आणि मी. मधलीओळ, तुमची परवानगी असेल तर दुधाची कथा मी वाचणार आहे, नाव न सांगता. जिवंत लेखक हवा एवढीच अट आहे, छापलेला हवा असं कुठं म्हणलंय?

मधलीओळ (शनिवार, दुपारी १२.५२)

वाचा. फक्त वाचून झाल्यावर पहिला प्रश्न कोणता आला ते तेवढं कळवा.